एफडी म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी

निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली की दोन-चार दिवसांत बँकेच्या शाखेतून फोन येतो. "सर, एवढे पैसे सेव्हिंगमध्ये कशाला ठेवलेत? या, चहा घेऊ." ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पेन्शन विक्रीची रक्कम असे तीस-चाळीस लाख एकदम आले आहेत, हे समोरच्याला स्क्रीनवर दिसत असतं. त्याला विम्याचं टार्गेट असतं. फसवणूक इथून सुरू होते आणि ती जवळपास नेहमी एकाच पद्धतीने होते.

"एफडीसारखंच आहे, व्याज जास्त, करमुक्त, एकदाच भरायचे" असं तोंडी सांगतात. अर्ज मात्र विम्याचा असतो आणि त्यात दरवर्षी पाच लाख, दहा वर्षं, असं लिहिलेलं असतं. साठीच्या माणसाचा विमा महाग पडतो, म्हणून मुलाला किंवा सुनेला विमाधारक करतात, म्हणजे विमा त्यांच्या जिवाचा असतो. पेन्शनच्या मानाने हप्ता बसत नाही, म्हणून उत्पन्न फुगवून लिहितात. मोबाइल नंबर आणि ईमेल कधी कधी विकणाऱ्याचेच टाकलेले असतात, त्यामुळे कंपनीचे मेसेज आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पडताळणीचा फोन येण्याआधी बजावून ठेवतात, "विचारतील त्याला फक्त हो म्हणा." पुढे तक्रार केली की कंपनी पुरावा म्हणून हेच 'हो' पुढे करते.

करमुक्तीचा दावाही तपासा. एकरकमी हप्त्याच्या बऱ्याच पॉलिसींत विम्याचा आकडा, म्हणजे मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम, हप्त्याच्या सव्वापटच असतो. सध्याच्या नियमाने तो दहापट नसेल, तर मुदतीअंती मिळणारी रक्कम सहसा करमुक्त राहत नाही. विकताना दाखवलेल्या परताव्याच्या तक्त्यातले ४ आणि ८ टक्के हे गृहीत धरलेले दर असतात, हमी नव्हे.

खरा धक्का दुसऱ्या वर्षी बसतो. पाच लाखांचा दुसरा हप्ता मागितला जातो आणि पेन्शनमधून तो भरणं अशक्य असतं. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वीच्या पारंपरिक पॉलिसी दोन वर्षांचे हप्ते न भरता सोडल्या, तर बहुतेक वेळा सगळे पैसे बुडत. त्यानंतरच्या पॉलिसींत एक हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की काही रक्कम परत मिळते, पण भरलेल्यापेक्षा ती बरीच कमी असते. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर पैसे पाच वर्षं होईपर्यंत अडकतात. घराचं छप्पर, प्रवास, गावी बाग करायचं ठरवलेलं, सगळं तिथेच थांबतं. याची चीड येते, कारण हे पैसे तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचे असतात.

कागद हातात पडताच पहिलं पान वाचा. 'हप्ते भरण्याची मुदत', 'विमाधारक' आणि मोबाइल नंबर, या तीन जागा आधी बघा. सोबत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, तिच्यातलं उत्पन्न बघा. चुकीचं असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पाकीट फेकू नका, कारण पॉलिसी कधी मिळाली ते त्यावरच्या शिक्क्यावरून ठरतं. जेवढे दिवस विमा लागू होता ते दिवस, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. "पुढच्या महिन्यात बदलून देतो" असं शाखेतून सांगितलं, तर ते तीस दिवस घालवण्यासाठीच असतं असं समजा.

मुदत गेली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही; नकारापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' या तक्रार यंत्रणेचा क्रमांक १५५२५५.

या सगळ्याला जागा मिळते, कारण पैसे येतात तेव्हा ते कुठे ठेवायचे हे ठरलेलं नसतं. निवृत्तीच्या वर्षभर आधी कागदावर लिहा: वर्षभराचा घरखर्च, दुखण्याखुपण्याचे पैसे, ज्या कामासाठी मोकळा वेळ हवा होता त्याचे पैसे, आणि उरलेलं कुठे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात. दर बदलतो, म्हणून भरण्याआधी पोस्टात विचारा. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांनाही हे खातं उघडता येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

बंद पडलेल्या पॉलिसीवर एक फोन हमखास येतो. "आम्ही विमा नियामकाच्या कार्यालयातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, आधी एक लहान हप्ता भरा." नियामक पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. असे पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी गोठवता आली तरच हाती लागण्याची आशा असते.