अरीनामागचं साधं हॉटेल: आठ महिने, अकरा मुक्काम

गेल्या आठ महिन्यांत मी आणि बाबा एकाच हॉटेलात अकरा वेळा उतरलो. नऊ वेळा व्हॉलीबॉलचे सामने होते, दोनदा गाण्याचे मोठे कार्यक्रम. हॉटेल शहराच्या मध्यवस्तीत, अरीनाच्या, म्हणजे हे सामने आणि कार्यक्रम होतात त्या बंदिस्त स्टेडियमच्या, मागच्या अंगाला आहे. थ्री-स्टार, जुनी पण नीट ठेवलेली इमारत, सहा मजले, लिफ्ट एकच. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा अजून निभावतोय. सामना मात्र त्यांना समोर बसूनच बघायचा असतो. चेंडू हातावर बसल्याचा आवाज टीव्हीवर येत नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. म्हणून परवडेल आणि बाबांना झेपेल अशी जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मनापासून केलं आणि त्यात बरंच शिकले.

या हॉटेलच्या आधी आम्ही एकदा दुसरीकडे उतरलो होतो. दर कमी होता आणि बुकिंगच्या पानावर ‘अरीनापासून ४०० मीटर’ लिहिलेलं होतं. ते ४०० मीटर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले. प्रत्यक्षात मध्ये मोठा हमरस्ता, तो ओलांडायला एकच पादचारी पूल आणि पुलाला चाळीसेक पायऱ्या. जाताना बाबा चढले. परतताना रात्री उशिरा, माणसांच्या लोंढ्यात, ते पुलाच्या पायथ्याशी थांबले आणि म्हणाले, “अगं, तू हो पुढे. गर्दी ओसरली की येतो मी.” मी कुठली पुढे जातेय! पाऊण तास आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे होतो. त्या रात्रीपासून हॉटेलचं अंतर मी कार्यक्रमाला जाण्याचं धरत नाही. कार्यक्रम सुटल्यानंतरचं धरते.

यात एक बारीक गोष्ट आहे. नकाशावरची अरीनाची खूण इमारतीच्या मधोमध असते. अरीना म्हणजे शंभर-दीडशे मीटर लांबीरुंदीची वास्तू, त्यामुळे तुमचं गेट पलीकडच्या बाजूला असेल तर नुसता वळसाच काही मिनिटांचा होतो. म्हणून मी तिकिटावरचं गेट आधी बघते आणि त्या गेटपासून हॉटेलच्या दारापर्यंत चालण्याचा रस्ता काढते. धडधाकट माणूस मिनिटाला ८० मीटरच्या आसपास चालतो. बाबांना मी ५० धरते. शिवाय गर्दीचं गणित वेगळंच असतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं झाली की कुणीच चालत नाही, सगळे पाय घासत सरकतात. आमच्या हॉटेलची जमेची बाजू ही की ते मुख्य चौकाच्या उलट्या दिशेला आहे. सगळी गर्दी स्टेशनकडे वळते आणि आम्ही मागच्या शांत रस्त्याला लागतो. मला सात मिनिटं लागतात, बाबांबरोबर बारा. पायरी एकही नाही. वाटेत दोन ठिकाणी बसायला बाक आहेत, तेही मी आता हिशेबात धरते.

“लांबचं स्वस्त हॉटेल घ्या आणि टॅक्सी करा,” असं बरेच जण सुचवतात. व्हॉलीबॉलला हे जमत नाही, कारण सामना कधी संपेल याला धरबंध नसतो. तीन सेटमध्ये निकाल लागला तर दीड तासाच्या आत सगळं आटोपतं. पाचव्या सेटपर्यंत गेला तर दोन तास ओलांडतात. पाचवा सेट आधीच्यांपेक्षा छोटा, १५ गुणांचा असतो खरा, पण तोही दोन गुणांच्या आघाडीशिवाय सुटत नाही. आधी ठरवलेली टॅक्सी अशा वेळी उपयोगाची नाही. ऐनवेळी मागवावी तर सगळं स्टेडियम त्याच मिनिटाला फोन काढतं आणि ॲपवरचा दर फुगतो. पायी जाता येईल असं हॉटेल थोडं महाग दिसलं, तरी हा खर्च धरल्यावर ते बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

आता आवाजाबद्दल, कारण जवळच्या हॉटेलात झोप लागते का, हा खरा प्रश्न असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत निजायच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. अरीनाजवळच्या रस्त्याकडच्या खोलीत कार्यक्रमाच्या रात्री ते विसराच. पहिल्या मुक्कामात आम्हाला पाचव्या मजल्यावर, अरीनाकडे तोंड असलेली खोली मिळाली. खिडकीला दुहेरी काच होती. माणसांची बोलणी आणि हॉर्न त्या काचेने बऱ्यापैकी अडवले, पण दुसऱ्या मुक्कामाला गाण्याचा कार्यक्रम होता आणि तशाच खोलीत बासचा ठोका पलंगापर्यंत येत होता. याला कारण आहे. ५० हर्ट्झच्या, म्हणजे बाससारख्या खोल आवाजाच्या, ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. असा खोल आवाज अडवायला भिंत जड लागते. काच आणि त्यामागची थोडीशी हवा त्याला पुरी पडत नाही. कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांचंही तेच, ते उंच पट्टीचा आवाज जास्त कापतात आणि खोल आवाज कमी.

मला न सुचलेली गोष्ट मात्र निराळीच होती. गाणं संपल्यावर मला वाटलं, आता शांतता होईल. तेव्हा खरं काम सुरू झालं. मोठ्या कार्यक्रमाचं स्टेज, दिवे, स्पीकर त्याच रात्री उतरवून ट्रकमध्ये भरतात, कारण ते सगळं पुढच्या शहरी जायचं असतं. पहाटेपर्यंत लोखंडी पेट्यांची चाकं, मागे येणाऱ्या ट्रकचा पीं-पीं, कामगारांच्या हाका. अरीनाच्या मागच्या बाजूला हॉटेल घेणाऱ्यांनी माल चढवण्याचं दार कुठे आहे हे उपग्रह नकाशात जरूर बघावं. आखलेल्या पट्ट्यांचं मोठं आवार आणि ओळीने रुंद शटर दिसली की समजायचं. आमच्या हॉटेलची उत्तरेची बाजू थेट त्याच आवारावर आहे. बुकिंगच्या पानावर हे कुठेच नाही. ही माझी या हॉटेलबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

उपाय हॉटेलातच निघाला. तिसऱ्या मुक्कामाला रात्रपाळीच्या रिसेप्शनिस्टला मी सरळ विचारलं, इथले लोक स्वतः झोपायचे झाले तर कुठल्या खोलीत झोपतील? त्याने क्षणभर विचार केला आणि आतल्या चौकाकडची, म्हणजे इमारतीच्या मधल्या मोकळ्या अंगणाकडची, तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. तेव्हापासून मी दर वेळी तीच बाजू मागते. फार वरचा मजला मागितला तर आजूबाजूच्या इमारतींची आड सुटते आणि लांबचा आवाजही मोकळा येतो. फार खालचा मागितला तर दारातली वर्दळ. लिफ्टला लागून नको, जिन्याच्या दाराशी नको आणि दोन खोल्यांना जोडणारं दार असलेली तर मुळीच नको. त्या दाराच्या फटीतून शेजारचं कुजबुजणंही ऐकू येतं. आणखी एक, एसीचा पंखा ‘ऑटो’वर न ठेवता सतत चालू ठेवला की त्याच्या एकसुरी आवाजात बारीकसारीक खटखट बुडून जाते. चालू-बंद होणाऱ्या एसीनेच बाबांची झोप जास्त मोडायची.

पैशांचं सांगते. या हॉटेलचा दर एकच नाही. एरवीच्या मंगळवारी जो दर असतो, त्याच्या दुपटीहून जास्त दर मी मोठ्या कार्यक्रमाच्या शनिवारी पाहिलाय, खोली तीच. हॉटेलांचे दर मागणीनुसार हलतात. कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली आणि बुकिंग येऊ लागली की दर चढतो. म्हणून सामन्यांचं वेळापत्रक आलं की तिकिटांची वाट न बघता मी खोली अडवून ठेवते, पण फुकट रद्द करता येईल अशीच. तसा दर थोडा जास्त असतो. तो वाचवायच्या मोहात मी एकदा नॉन-रिफंडेबल घेतली. कार्यक्रम पुढे ढकलला गेला. तिकीट नव्या तारखेला चाललं, खोलीचे पैसे मात्र गेले. हॉटेलशी भांडण्यात अर्थ नव्हता, अट मी वाचूनच स्वीकारली होती.

रद्द करण्याची मुदतही नीट बघा. एरवी एक-दोन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करू देणारं हेच हॉटेल मोठ्या तारखांना सात दिवसांची अट घालतं. त्या मुदतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा दर तपासते. बरेच लोक दोन-तीन ठिकाणी खोल्या अडवून बसलेले असतात आणि त्या सुमारास नको असलेल्या सोडतात. अकरापैकी तीन वेळा मला त्या दिवशी आधीपेक्षा कमी दर मिळाला. आधी नवं बुकिंग पक्कं करायचं, मग जुनं रद्द करायचं. क्रम उलटा केला तर हात रिकामे राहतील.

कार्डावर अडकवून ठेवणाऱ्या डिपॉझिटचं कुणी आधी सांगत नाही. चेक-इनला हॉटेल ठरावीक रक्कम रोखून ठेवतं. चेक-आउटला ती सोडली म्हणतात, पण बँकेत मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्ड दिलं की तेवढे आपले स्वतःचे पैसे अडकतात. दोन मुक्काम लागोपाठ आले तेव्हा माझी चांगलीच ओढाताण झाली. आता मी क्रेडिट कार्डच देते. पार्किंग वेगळं, तेही कार्यक्रमाच्या दिवशी चढ्या दराने. आम्ही गाडी नेणं सोडलंय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

उशिरा पोहोचणार असाल तर फोन करून ठेवा. सहाव्या मुक्कामाला आमची गाडी चुकली, आम्ही थेट सामन्याला गेलो आणि रात्री अकरानंतर हॉटेलात पोहोचलो. खोली होती, पण चौकाकडची गेलेली होती. भरलेल्या रात्री अनेक हॉटेलं असलेल्या खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात, काही जण येणारच नाहीत हे धरून. मग सगळेच आले की शेवटी पोहोचणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवतात. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण त्या रात्री आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्यावर आली. आता आम्ही दुपारीच चेक-इन करतो. बाबांना तासभर आडवं होता येतं आणि सामानही खोलीत राहतं. हे महत्त्वाचं आहे, कारण अनेक अरीनांत ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. चेक-आउटनंतरही हे हॉटेल सामान सांभाळतं, आणि आजवर एकदाही इकडचं तिकडे झालेलं नाही.

बाथरूमबद्दल फोटोवर विश्वास ठेवू नका. निम्म्या खोल्यांत उंच काठाचा टब आहे, त्यात उतरताना बाबांचा तोल गेला होता. सपाट जमिनीचा शॉवर आणि भिंतीला धरायची दांडी असलेल्या खोल्या प्रत्येक मजल्यावर दोनच आहेत. बुकिंगच्या वेळी लिहिलेली विनंती ही विनंतीच असते, कबुली नव्हे. मी आदल्या दिवशी फोन करून खोली नंबरासकट ठरवून घेते. गाद्या सुरुवातीला मध्ये खचलेल्या होत्या, पाचव्या महिन्यात बदलल्या. टॉवेल जुनेच आहेत, स्वच्छ आहेत.

सातव्या महिन्यात लिफ्ट बंद पडली आणि तीन आठवडे बंद राहिली. आम्हाला कुणी कळवलं नाही, दारात पोहोचल्यावर समजलं. मी चिडले आणि ते बोलून दाखवलं. त्यांनी तळमजल्यावरची खोली दिली आणि रात्री रिसेप्शनिस्टने स्वतः बाबांसाठी खुर्ची आणून दाराशी ठेवली. कळवलं नाही ही चूक मोठी होती, माणुसकीही खरी होती. दोन्ही लिहायला हवं.

रिव्ह्यू वाचताना मी आता एक गोष्ट करते. रिव्ह्यूची तारीख अरीनाच्या कार्यक्रमपत्रिकेशी ताडून बघते. ‘अगदी शांत’ लिहिणारा बहुतेक वेळा कार्यक्रम नसलेल्या रात्री राहिलेला असतो, आणि ‘रात्रभर डोळा लागला नाही’ लिहिणारा नेमका ट्रकांच्या बाजूला. दोघेही खोटं बोलत नाहीत. माझे स्वतःचे पहिले दोन मुक्काम आणि नंतरचे नऊ कुणी शेजारी ठेवले तर एका हॉटेलचे वाटणार नाहीत.

फक्त शहर बघायला येणाऱ्यांना मी हे हॉटेल सुचवणार नाही. त्याच दरात त्यांना मोठी खोली आणि चांगली खिडकी दुसरीकडे मिळेल. लहान बाळ असेल तर गाण्याच्या कार्यक्रमाच्या रात्री टाळाच. पण रात्री उशिरा सामना संपल्यावर म्हाताऱ्या माणसाला हळूहळू, न घाबरता चालत आणायचं असेल, तर या भागात मी बघितलेल्या सहा-सात हॉटेलांत मला दुसरं सापडलेलं नाही.

पुढच्या मोसमाचं वेळापत्रक मागच्या आठवड्यात आलं. पहिल्या चार सामन्यांच्या खोल्या मी अडवल्यात, तिसरा मजला, चौकाची बाजू, सपाट शॉवर. बाबांना सांगितलं तर त्यांनी सामने कुणाविरुद्ध आहेत हे नंतर विचारलं, आधी विचारलं, “लिफ्ट झाली का गं सुरू?” झालीये. फोन करून विचारून घेतलंय.