लातूरचा दहा दिवसांचा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा क्रॅश कोर्स: सर एक नंबर, नोट्स जपून

क्लासचं नाव टाकत नाही, उगं वाद नको. मी अंबाजोगाईचा, रिपीटर, इथं कॉट बेसिसवर राहतो, आणि अल्कोहोल फिनॉल इथर हा धडा बारावीला नुसता घोकलेला, डोक्यात काहीच नव्हतं. चार हजार भरले.

सर लई भारी आहेत. तिसऱ्या दिवशी टेबलावर तीन टेस्ट ट्यूबमध्ये तीन प्रकारची अल्कोहोल मांडली अन कुठलं कुठल्या प्रकारचं ते ओळखायला ल्युकास रिएजंट टाकलं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल आणि निर्जल झिंक क्लोराईड. टर्शरी ब्युटाईलवाली लगेच गढूळ, आयसोप्रोपाईलला पाचेक मिनिटं लागली, अन इथेनॉल? पोरं चहा पिऊन परत आली तरी तसंच स्वच्छ. एकानं विचारलं, सर फरशी पुसायचं फिनेल पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ते हेच का. सर हसले, म्हणले नाही रे, तिथं तेल पाण्यात बारीक पसरतं, रिअ‍ॅक्शन काही नाही, इथं अल्किल क्लोराईड तयार होतं अन ते विरघळत नाही म्हणून गढूळ. आता हे मरेपर्यंत विसरणार नाही मी.

हॉल म्हणजे पत्र्याचं शेड, मे महिना, दीडशे पोरं, कूलर फक्त पुढच्या तीन ओळींना. मागून फळ्यावर ओएच (म्हणजे अल्कोहोल) लिहिलंय का ओआर (म्हणजे इथर) तेच दिसेना, अन या धड्यात सगळा खेळच तेवढ्याचा आहे ना! फॉर्म्युला एकच, सी2एच6ओ, पण इथेनॉल 78 डिग्रीला उकळतं अन डायमिथाईल इथर उणे 24 लाच.

खरा राग नोट्सचा. विल्यमसनच्या, म्हणजे इथर बनवायच्या रिअ‍ॅक्शनच्या, पानावर टर्शरी ब्युटाईल ब्रोमाईड अधिक सोडियम मिथॉक्साईड, अन उत्तर इथर छापलंय. अहो तिथं एलिमिनेशन होऊन, म्हणजे ब्रोमीन अन एक हायड्रोजन निघून जाऊन, 2-मिथाईलप्रोपीन मिळतं, इथर पाहिजे तर मिथाईल ब्रोमाईड अन सोडियम टर्शरी ब्युटॉक्साईड घ्यावं लागतं. सरांनी बरोबरच शिकवलं होतं पण मी टेस्टच्या आदल्या रात्री नोट्स वाचून गेलो, चार मार्क गेले वर एक मायनस. ऑफिसात सांगितलं तर म्हणे पुढच्या प्रिंटला दुरुस्त करू. पुढच्या प्रिंटचं मी काय करू, लोणचं घालू?

पाचपैकी साडेतीन स्टार. सातची बॅच असली तर साडेसहालाच जाऊन पुढं जागा धरा, अन नोट्स नको म्हणलं तर पाचशे कमी करतेत, विचारून बघा.