बँक लॉकर: भाडं कप्प्याचं, ऐवजाचं नाही

‘दागिने बँकेत ठेवलेत’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर दागिने तुम्ही तुमच्याच कप्प्यात ठेवलेले असतात, आणि तो कप्पा बँकेच्या तिजोरीखोलीत असतो. या सेवेचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये ‘बेलमेंट’ची व्याख्या आहे. ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, किंवा आपण सांगू तशी तिची विल्हेवाट लावून घ्यायची. शिंप्याकडचं कापड, गॅरेजातली गाडी ही साधी उदाहरणं. वस्तू घेणाऱ्यानं ती स्वतःची असती तर शहाणा माणूस जितकी काळजी घेईल तितकी घ्यायची, असं कलम १५१ सांगतं. पण या सगळ्याला एक अट आहे, ताबा खरोखर हातातून जायला हवा. मद्रास उच्च न्यायालयासमोर आलेलं एक जुनं प्रकरण वकिलीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. एका बाईनं जुने दागिने मोडून नवे घडवायला सोनाराला दिले. रोज संध्याकाळी अर्धवट घडलेले दागिने ती स्वतः पेटीत ठेवायची. पेटी सोनाराच्याच जागेत, किल्ली मात्र बाईकडे. चोरी झाली आणि दावा फेटाळला गेला, कारण रोज संध्याकाळी ताबा तिच्याकडे परत जात होता.

लॉकरची स्थिती याच्याशी बरीच जुळते. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं, ते विचारायचा अधिकारही तिला नाही, आणि तुमच्या किल्लीशिवाय तिला कप्पा उघडता येत नाही. म्हणून ‘आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो’ ही बँकांची ढाल वर्षानुवर्षं चालली. १९ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती खाली ठेवायला लावली. कोलकात्याच्या एका ग्राहकाचं भाडं भरलेलं असताना बँकेनं लॉकर फोडला होता. आतला माल किती होता याचा वाद न्यायालयानं दिवाणी दाव्यासाठी सोडला, पण बेलमेंट असो वा नसो, तिजोरीखोली आणि कप्पा नीट सांभाळायचं कर्तव्य बँकेवर स्वतंत्रपणे आहेच, असं सांगून ५ लाखांची भरपाई दिली. रिझर्व्ह बँकेला नियम करायला ६ महिने दिले. ते १८ ऑगस्ट २०२१ ला आले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आजची सेवा जोखायची ती या नियमांवरच.

सर्वांत महत्त्वाचा आकडा भरपाईचा. आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यात ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी चालू वार्षिक भाड्याच्या १०० पट. वर्षाला २,००० रुपये भाडं असेल तर २ लाख, ८,००० असेल तर ८ लाख. इथे मोठी गंमत आहे. सोनं लहानशा कप्प्यात मावतं, त्यामुळे सर्वांत महागडा ऐवज बऱ्याचदा सर्वांत स्वस्त लॉकरमध्ये असतो आणि त्यालाच सर्वांत कमी संरक्षण मिळतं. आजच्या भावात दोन लाखांत फारसं सोनं येत नाही. भूकंप, पूर, वीज पडणं यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नाही, तिचा हलगर्जीपणा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून तळघरातल्या लॉकररूमपेक्षा वरच्या मजल्यावरची शाखा केव्हाही बरी. लॉकरमधल्या ऐवजाचा विमा बँकेनं विकायचा नाही असा नियम आहे. तरी कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. गृहविम्यात दागिन्यांचं संरक्षण घेतलंत तर ‘लॉकरमधले दागिने’ हे शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा, आणि मूल्यांकनाचा दाखला व फोटो लॉकरबाहेर ठेवा.

घेताना. लॉकर शिल्लक नसेल तर अर्जाची पोच आणि प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यायचं बँकेवर बंधन आहे. मुदत ठेव मागता येते, पण ती ३ वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च इतकीच. ‘पाच लाखांची एफडी करा, मग बघू’ हे चालत नाही. करारनाम्याची एक प्रत तुमच्या हातात यायला हवी. भाड्यावर १८% जीएसटी वेगळा.

वापरताना. बँकेची मास्टर किल्ली आधी, मग तुमची. अधिकारी बाहेर गेल्यावरच कप्पा ओढा. निघताना किल्ली काढून दार एकदा खेचून पाहा. कप्पा उघडा राहिला तर तो लगेच बंद करून तुम्हाला कळवणं बँकेचं काम आहे, पण ते कळेपर्यंत आत काय होतं याचा पुरावा कुणाकडेच नसतो. लॉकर उघडल्याचा एसएमएस आणि ईमेल त्याच दिवशी यायला हवा. तुम्ही गेला नसताना तो आला, तर त्याच क्षणी लेखी तक्रार करा. तिजोरीखोलीत ये-जा टिपणारं सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस ठेवावं लागतं, आणि तक्रार आली तर पोलीस तपास संपेपर्यंत. म्हणजे वर्षातून एकदा दिवाळीला लॉकर पाहणाऱ्याला गडबड कळेस्तोवर चित्रण पुसलेलं असू शकतं. म्हणून दर पाच महिन्यांत एक तरी फेरी मारा. किल्ली हरवली तर लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तो फोडतो आणि नवं कुलूप बसवतो. खर्च तुमचा, कारण तुमच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते.

नोटा ठेवू नका. बहुतेक करारनामे रोकडीला मनाईच करतात, आणि मनाई नसती तरी वाळवी कुणाचं ऐकत नाही. २०२३ मध्ये मुरादाबादला एका ग्राहकाच्या लॉकरमधले १८ लाख रुपये तिनं फस्त केले होते.

सलग ३ वर्षं भाडं थकलं तर सूचना देऊन बँक लॉकर फोडू शकते. भाडं नियमित भरलं तरी ७ वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा पत्ता लागला नाही, तरी तीच वेळ येते. फोडताना अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर हवेत, व्हिडिओ हवा, वस्तूंची यादी हवी. कोलकात्यात नेमकं हेच झालं नव्हतं. भाडं खात्यातून आपोआप वळतं करायचं असेल तर ते खातं चालू ठेवा. निष्क्रिय झालेल्या खात्यामुळे भाडं थकतं आणि पत्रं जुन्या पत्त्यावर जातात.

नामनिर्देशन केलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेनं निपटारा करायचा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात, पण लॉकरसाठी ती एकामागोमाग, म्हणजे पहिली व्यक्ती हयात नसेल तरच दुसरी. टक्केवारीनं वाटणी लॉकरला नाही.

क्वचित एखादी शाखा ‘सेफ कस्टडी’ही देते. त्यात सीलबंद पेटी बँकेच्या हाती द्यायची आणि पावती घ्यायची. ताबा पूर्ण जातो, म्हणून ते सरळ बेलमेंट. सोनेतारण कर्जातही तेच, शिवाय तिथे वजन आणि शुद्धता कागदावर असते. वर्षानुवर्षं न लागणाऱ्या कागदपत्रांसाठी सेफ कस्टडी मिळत असेल तर ती लॉकरपेक्षा सरस. लग्नसराईत दर महिन्याला काढायचे दागिने असतील तर मात्र लॉकरला पर्याय नाही.