मोठं विद्यापीठ की निवडक खासगी कॉलेज? पहिल्या वर्षानंतर बदलणाऱ्यांसाठी

पहिलं वर्ष संपत आलंय आणि कॉलेज बदलावं की नाही यावर घरात रोज बोलणं चाललंय, अशा दोघातिघांनी गेल्या महिन्यात मला विचारलं. मी हे केलेलं आहे. घाटावरच्या एका मोठ्या विद्यापीठात बीएचं पहिलं वर्ष काढलं, विषय इतिहास, आणि दुसऱ्या वर्षाला गोव्यातल्या एका लहान, मुलाखत घेऊन प्रवेश देणाऱ्या खासगी स्वायत्त कॉलेजात आलो. तेव्हा जे सांगतो ते एका माणसाच्या अनुभवावरून, एवढं धरून वाचा.

मोठ्या विद्यापीठाने मला जे दिलं ते लहान कॉलेज देऊ शकत नाही, हे आधीच कबूल करतो. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं. व्याख्यानं इतकी की कुठलं सोडायचं हा प्रश्न. आणि मेसच्या एका टेबलावर नंदुरबारचा, लातूरचा, सिक्कीमचा मुलगा आणि मध्ये मी गोव्यातल्या डिचोलीचा. त्या टेबलाची आठवण अजून येते. इथे लहान कॉलेजात वर्गातले निम्मे जण एकमेकांना शाळेपासून ओळखतात, आणि एक तास बुडवला तरी संध्याकाळपर्यंत घरी कळतं. ग्रंथालयाला पाच वाजता कुलूप लागतं. त्यावर मी तोड काढली आहे: १८३२ साली सुरू झालेलं आपलं गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पणजीत पाटोला आहे, कदंबाच्या बसस्टँडवरून चालत जाता येतं. शिवाय ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात पाहुण्या प्राध्यापकांची व्याख्यानं होतात, तिथे बाहेरच्यांनाही बसता येतं. तरी ती मेस ती नाहीच.

फी माझ्या बाबतीत जवळजवळ चौपट झाली. खोलीभाडं आणि मेसचे पैसे वाचल्यामुळे बराचसा फरक भरून निघाला, पण हे घर जवळ असल्यामुळे. ज्यांना इथेही खोली घ्यावी लागेल त्यांनी हा हिशेब शांतपणे मांडावा.

आता ज्या गोष्टीमुळे माझं ठरलं ती सांगतो. पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेत एका पेपरापुढे ‘अनुपस्थित’ असं छापून आलं. मी तो पेपर लिहिला होता, दोन पुरवण्या जोडल्या होत्या. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घ्यायला सांगितलं, दुसऱ्या खिडकीने हजेरीपत्रकाची प्रत मागितली, परीक्षा केंद्राने विद्यापीठाकडे बोट दाखवलं. चार महिने गेले. शेवटी दुरुस्ती झाली आणि ४१ गुण आले. चुका होतात, हजारो उत्तरपत्रिकांमध्ये एखादी हरवणारच, त्याचा राग मी धरत नाही. पण ते ४१ बघून मला पहिल्यांदा जाणवलं की एकेचाळीसच का, हे सांगणारं तिथे कुणीही नाही. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज करून पैसे भरता येतात, तेही केलं. प्रत आली. समासात एक अक्षर नव्हतं. अख्ख्या वर्षात मी लिहिलेल्या एकाही वाक्याखाली कुणी रेघ मारली नव्हती.

इथे आल्यावर पहिला निबंध आठ दिवसांत परत मिळाला. दुसऱ्या पानावर बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे तुझं मत की पुस्तकाचं?’ पुस्तकाचंच होतं. तो निबंध मी तीनदा लिहिला. नंतर आम्हा नऊ जणांना बाईंनी पणजीच्या पुराभिलेखागारात नेलं. १५९५ मध्ये स्थापन झालेलं हे दफ्तर, आणि त्यात पोर्तुगीज कागदांच्या जोडीला मोडीतलेही कागद. विद्यापीठातला एकशे तीस जणांचा वर्ग तिथे नेता येईल का? मला तरी वाटत नाही.

आजोबांची समजूत काढायला मात्र वेळ लागला. गोवा विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती, आणि आजोबांची पदवी मुंबईची, चौकटीत लावलेली. ‘मोठं नाव सोडून खासगीत?’ हा त्यांचा प्रश्न. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आखतं, पेपर काढतं, तपासतं, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते, हे समजल्यावर ते थोडे निवळले.

ज्याला स्पर्धा परीक्षांची तयारी करायची आहे, गर्दीत एकटं राहून अभ्यास जमतो, त्याने कदाचित मोठ्या ठिकाणीच राहावं. पण लिहिलेलं कुणीतरी वाचावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने निदान मुलाखत तरी देऊन बघावी.

आणि ठरवायचं असेल तर पहिल्या वर्षानंतरच. पास झालेल्या प्रत्येक पेपरामागे ठरावीक क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, मिळतात आणि ते क्रेडिट बँकेत, म्हणजे त्यासाठीच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. या बँकेच्या नियमानुसार पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. एका वर्षानंतर ४० घेऊन निघालात तर ८० नव्या ठिकाणी होतात. दोन वर्षांनंतर ८० झालेली असतात, मग गणित बसत नाही. जमा क्रेडिट सात वर्षं टिकतात, पण नवं कॉलेज तुमचा प्रत्येक पेपर आपल्या पेपराशी जुळवून बघतं. माझा एक मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, पेपर जुळला नाही, तो दुसऱ्या वर्षी जादा करावा लागला.

मायग्रेशन सर्टिफिकेटची, म्हणजे विद्यापीठ सोडताना मिळणाऱ्या दाखल्याची, आठवण सगळे करून देतात. त्याबरोबर दोन्ही सत्रांच्या अभ्यासक्रमाच्या प्रतीही सही-शिक्क्यासह घेऊनच निघा. मला तेवढ्यासाठी भर पावसात पुन्हा घाट चढून जावं लागलं.