सायकल-कार्यकर्त्यांची रविवारची बैठक : एक अभिप्राय

कोथरूडहून डेक्कनला रोज सायकलने कामावर जात असल्यामुळे, पुण्यातल्या रस्त्यांवर सायकलींना जागा मिळावी यासाठी पदरमोड करून काम करणाऱ्या एका गटाची मासिक बैठक असते असे कळले, तेव्हा गेल्या महिन्यात मी मुद्दाम वेळ काढून तिला हजर राहिले. प्रवेश विनामूल्य होता, चहा-पोह्यांसाठी ज्याने त्याने डब्यात आपल्या मर्जीने पैसे टाकायचे होते आणि नावनोंदणीची सक्ती नव्हती.

सुरुवात मात्र काहीशी विनोदी झाली. ज्या सभागृहात ही बैठक होती, तिथे सायकल लावायला जागाच नव्हती. "सायकल इथं नाही लावायची मॅडम, गाड्यांना अडचण होते," असे रखवालदाराने सांगितल्यावर वीस-बावीस सायकली शेजारच्या इमारतीच्या कठड्याला साखळ्यांनी बांधून आम्ही आत गेलो. संयोजकांनी जागा ठरवताना एवढे तरी विचारून घ्यायला हवे होते.

नऊची वेळ दिलेली बैठक सव्वानऊनंतर सुरू झाली आणि पुढचा अर्धा तास परिचयात गेला. कोणी पंढरपूरची सायकलवारी किती तासांत केली ते सांगितले, कोणी नव्या सायकलीचे वजन सांगितले. या मंडळींचा उत्साह खरा आहे, पण पहाटे व्यायामासाठी सायकल चालवणे आणि सायंकाळी सहाच्या गर्दीत भाजीची पिशवी हँडलला अडकवून घरी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बैठकीचा हा भाग पहिल्या गोष्टीतच रमला होता. पेपर टाकणारे एक गृहस्थ परिचय संपण्याआधीच उठून गेले, कारण त्यांना वसुलीला जायचे होते. कोणत्या रस्त्यावर पहाटे दिवे नसतात आणि कुठे चेंबरचे झाकण खचले आहे, हे त्यांच्याइतके त्या खोलीत क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

त्यानंतरचे दीड तास मात्र अत्यंत मोलाचे ठरले. एका निवृत्त अभियंत्यांनी नकाशा पसरून शहराच्या सायकल आराखड्याची माहिती दिली, जो महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने 2017 साली मंजूर केला होता. सादरीकरणातली बहुतेक पाने इंग्रजीत होती, हे खटकले. बोलणे मात्र स्वच्छ मराठीत आणि मुद्द्याला धरून होते. स्वारगेट ते कात्रज या मार्गावर 2006 च्या अखेरीस बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली, तेव्हा तिच्याबरोबर सायकल मार्गही आखले गेले होते, याची आठवण त्यांनी करून दिली आणि मग आम्हा आठ जणांना टेप घेऊन जवळच्या एका रस्त्यावर नेले.

तिथल्या सायकल मार्गाची रुंदी सुरुवातीला बरोबर दोन मीटर भरली. पुढे विजेच्या डीपीपाशी ती एक मीटर दहा सेंटीमीटर झाली आणि बसथांब्याच्या मागे टेप लावायला जागाच उरली नाही. पेव्हर ब्लॉक का बसवतात, हा माझा जुना प्रश्न होता. केबल किंवा पाइप टाकताना ते उचलून परत लावता येतात हे त्याचे कारण, आणि परत लावताना खालची खडी नीट दाबली जात नाही म्हणून ते डुगडुगू लागतात हा त्याचा परिणाम, असे त्यांनी एक सुटा ब्लॉक हाताने हलवून दाखवले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी सायकल मार्ग खाली उतरतो आणि परत वर चढतो. वास्तविक मार्ग सपाट ठेवून मोटारीला उतारावरून वर आणायला हवे, म्हणजे तिचा वेगही आपोआप कमी होतो. मी रोज ज्या हेलकाव्यांना निमूटपणे सोसत आले, ते आखणीतल्या एका साध्या निर्णयाचे फळ आहे, हे मला त्या दिवशी कळले.

परत आल्यावर अर्ज भरण्याचे काम झाले. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रकात लहान कामे सुचवता येतात, हे मी ऐकून होते, पण अर्ज कधी भरला नव्हता. मी लिहिले होते, "सायकल मार्ग सुधारावा." शेजारी बसलेल्या महाविद्यालयीन मुलीने ते वाक्य खोडले आणि म्हणाली, "मावशी, असं लिहिलं की कोणाच्याच टेबलावर जात नाही." मग तिने माझ्याकडून कुठल्या फाटकापासून कुठल्या खांबापर्यंत, किती मीटर, किती ब्लॉक निखळलेले, झाकण किती बोटे वर आलेले, असे सगळे लिहून घेतले आणि मोबाइलवरचे छायाचित्र छापून जोडायला सांगितले. सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात तो अर्ज दिला, तेव्हा तिथल्या कारकुनाने काही न विचारता शिक्का मारून आवक क्रमांक दिला.

सोबतीला माणसे हवीत म्हणून या बैठकीला जाणाऱ्यांची कदाचित निराशा होईल, कारण रविवारच्या फेरफटक्याचे गट शहरात याहून चांगले आहेत. ज्यांची एखाद्या ठरावीक रस्त्याबद्दल ठरावीक तक्रार आहे, त्यांनी मात्र अवश्य जावे. पावणेदहाला पोहोचले तरी चालेल. बरोबर लांब साखळी घ्यावी, शेजारचा कठडा बराच जाड आहे.