चॅटमची गोदी: ‘कॉल द मिडवाइफ’चं पॉप्लर पाहायला निघालेल्यांसाठी

आधीच सांगते, सेट बघायला म्हणून जाल तर तिथे सेट नाही. केंटमधल्या चॅटम हिस्टॉरिक डॉकयार्डमध्ये ‘कॉल द मिडवाइफ’ या, पॉप्लर वस्तीतल्या सुईणींवरच्या बीबीसी मालिकेचं बाहेरचं बरंच शूटिंग होतं. युनिट येतं, पाट्या लावतं, गल्लीभर दोऱ्यांवर कपडे वाळत घालतं आणि काम झालं की सगळं उचलून नेतं. मागे राहतात विटांच्या उंच इमारती आणि दगडी फरसबंदी. खरं पॉप्लर, म्हणजे पूर्व लंडनमधलं, बॉम्बहल्ल्यांनी आणि नंतरच्या बांधकामांनी पार बदललं. इथली गोदी ब्रिटिश आरमाराने, म्हणजे रॉयल नेव्हीने, १९८४ साली बंद केली, पण जुन्या इमारती टिकल्या, म्हणून १९५७ चं पॉप्लर इथे उभं राहू शकलं.

मालिकेच्या टूरला वेगळं तिकीट लागतं आणि ती ठरावीक दिवशीच असते. फिरवणारी बाई मिडवाइफच्या गणवेशात येते. मला वाटलं, झालं, आता फॅन्सी ड्रेस! पण आई खूश. तिची सगळी नोकरी प्रसूती वॉर्डात गेली. तिची नजर थेट बाईंच्या छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे. “नाडी मोजताना हात मोकळा राहतो,” हे मला मराठीत सांगून झालं, मग बाईंना इंग्रजीत. पुढे दोघींच्या बाळंतपणाच्या गप्पा रंगल्या आणि कॅमेरा कुठे लावला होता हे विचारायला बाकीचा ग्रुप ताटकळला. मालिका न पाहिलेल्यांनी मात्र या टूरच्या भानगडीत पडू नये. नवरा सारखा फोन बघत होता.

खरा माल गल्लीलगतच्या भिंतीआड आहे: दोरखाना. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही इमारत ३४६ मीटर लांब आहे. आत उभं राहिलं की पलीकडच्या टोकाचा माणूस टाचणीएवढा दिसतो. एवढी लांबी कशाला? पेड आधी पूर्ण ताणून मांडायचे, आणि पीळ बसेल तसे ते आखडतात, जवळजवळ एक तृतीयांशाने. बिनजोड नांगरदोर हवा तर छप्परही तेवढंच लांब हवं. दोर इथे आजही वळले जातात, १८११ सालच्या यंत्रावरसुद्धा. प्रात्यक्षिकात मला हँडल फिरवायला उभं केलं. सुरुवातीला अगदी हलकं, पण पीळ चढला तशी मनगटं भरून आली. आरमाराच्या दोरात एक रंगीत सूत घालायचे, चोरीचा माल ओळखू यावा म्हणून. आई म्हणाली, वॉर्डातल्या चादरींवरही शिक्के असायचे. चादरी तरी जायच्याच.

‘ऑसिलॉट’ पाणबुडीही बघा, १९६२ साली पाण्यात उतरलेली. रॉयल नेव्हीसाठी चॅटममध्ये बांधलेली ती शेवटची. आतले दरवाजे म्हणजे गोल भोकं, पाय उचलून आणि मान वाकवून पार करायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. आईने चहा घेतला. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज १७६५ साली इथेच पाण्यात उतरलं, पण ते बघायचं तर पोर्ट्समथला जावं लागतं, हे लक्षात असू द्या.

लंडनच्या सेंट पँक्रासहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत चॅटम येतं. स्टेशनपासून बस घ्या. फरसबंदीवर चपला नकोत, बूटच घाला. आणि मेडवे नदीवरचं वारं उन्हाळ्यातही झोंबतं, तेव्हा जाकीट असू द्या. टूर सकाळची मिळाली तर उत्तम, दुपार दोरखान्याला मोकळी राहते.