चुंबक, वीज की घरचे प्रशिक्षण: स्वमग्न मुलाच्या पालकांसाठी

दांडिया बाजारात राहणारी माझी धाकटी बहीण सध्या पेचात आहे. तिच्या सात वर्षांच्या स्वमग्न मुलाला इतरांत मिसळणे जमावे म्हणून कोणी टीएमएस (मेंदूला चुंबकाने चेतवण्याचा उपचार) सुचवतो, कोणी टीडीसीएस (सौम्य विजेचा उपचार).

टीएमएसमध्ये डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदने सोडून मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशी चेतवतात. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी हे तंत्र १९८५ मध्ये दाखवले. टीडीसीएसमध्ये डोक्यावर बांधलेल्या, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह साधारण २० मिनिटे जातो, ज्याने पेशी थेट चेतत नाहीत, त्यांची चेतण्याची तयारी तेवढी बदलते.

कागदावरच्या या फरकापेक्षा खुर्चीत बसणारे मूल मला महत्त्वाचे वाटते. टीएमएसचे यंत्र प्रत्येक स्पंदनाला टक्कन वाजते, कानात बोळे घालावे लागतात आणि डोके हलले की नेमकी जागा चुकते. आमचा भाचा कुकरची शिट्टी झाली तरी कान दाबून जिन्याखाली जाऊन बसतो. टीडीसीएसला आवाज नाही, पट्टा बांधून ठोकळे खेळता येतात. परंतु कपाळावरून ओघळणारे पाणी आणि झिणझिण्या स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला जड जातात. टीएमएसने आकडी येणे विरळ असले, तरी स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण मुळातच जास्त असते, हे विसरता येत नाही.

परिणामांच्या बाबतीत दोन्हींची बाजू अजून कच्ची आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली ती प्रौढांच्या नैराश्यासाठी. स्वमग्नतेसाठी दोन्हींपैकी कशालाच दिलेली नाही. आस लावून बसलेल्या आईवडिलांना बदल दिसतोच, म्हणून नकली यंत्राशी (जे लावले तरी उपचार होत नाही) तुलना न केलेला दावा मी मानणार नाही.

याउलट गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, विशेषज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना १२ सत्रांत संवादाचे प्रशिक्षण दिले आणि मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. माझे मत या बाजूने आहे.

तरीही यंत्रच करायचे असेल, तर बहिणीला मी एवढे सांगितले आहे: आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून ईईजी (मेंदूतील विद्युत हालचालींची तपासणी) करून घे, उपचार संशोधन म्हणून होणार असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील (उपचारांच्या चाचण्यांच्या नोंदवहीतील) नोंदणी क्रमांक माग आणि त्याचे पैसे भरू नकोस, आणि स्पीच थेरपीची बुधवारची वेळ यासाठी मोडू नकोस.